त्यांचा आवाज मागताना

९ नोव्हेंबर
कर्जकंपनीचं पत्र, ह्यांच्या नावानं. माणूस जाऊन चार महिने झाले! ज्यांनी फ्रिजसुद्धा कधी हप्त्यानं घेतला नाही ते कर्ज कशाला काढतील? फोन केला. आधी यंत्र बोललं — हे संभाषण ध्वनिमुद्रित होत आहे. मग एक मुलगी आली, आणि मी कर्जाचं विसरलेच. विचारलं, म्हणजे ह्यांचाही आवाज असेल तुमच्याकडे?
"असेल, काकू. कर्ज फोनवरच मंजूर झालंय."
मिळेल का? मिळेल. पण मी त्यांची बायको, त्यांची वारस, हे सिद्ध करावं लागेल.
घरात ह्यांचा आवाज कुठेच नाही. फोटो आहेत, सगळ्यांत तोंड मिटलेलं.

१० नोव्हेंबर
सेंदाईला मुलाला, योशिताकाला, फोन केला. म्हणाला, "आई, पैसे मी भरतो. तू कशाला त्यात पडतेस?"
पैशांसाठी नाही रे, बाबांचा आवाज ऐकायचाय, म्हटलं. पोरगा गप्पच झाला. त्यालाही आठवण आली असेल.

१८ नोव्हेंबर
आवाजासाठी केलेला अर्ज परत आला. मी त्यावर सहीच्या जागी ह्यांच्या नावाचा शिक्का उमटवला होता! बँक, वीज, शाळा — लग्नापासून घरातल्या प्रत्येक कागदावर तो मीच उमटवत आले. हात आपोआप त्या डबीकडे गेला. फोनवरची मुलगी हळू आवाजात म्हणाली, "गेलेल्या माणसाचा शिक्का चालत नाही, काकू. तुमचा स्वतःचा हवा, नगरपालिकेत नोंदवलेला."
माझा स्वतःचा असा नाहीच.

२१ नोव्हेंबर
शिक्के कोरणाऱ्या निशिओकांकडे गेले.
"आडनाव कोरू की नाव? बायका नावच कोरून घेतात. उद्या आडनाव बदललं तर खर्च वाया."
"एकाहत्तराव्या वर्षी कुठं बदलतंय?"
"काही सांगू नका, वहिनी. मागच्या वर्षी एक आजीबाई अगदी हेच म्हणाल्या. वसंतात लग्न केलं त्यांनी!"
हे गेल्यापासून पहिल्यांदा हसले. परतताना पुलावर थांबून रडले. आडनावच कोरायला सांगितलं आहे.

३ डिसेंबर
शिक्का नोंदवला. ह्यांच्या जन्मापासूनचे कुटुंबनोंदणीचे उतारे त्यांच्या गावाहून मागवले होते, तेही आले. सगळं पाठवून दिलं. संध्याकाळी देव्हाऱ्यात त्यांच्या फोटोपुढे भात ठेवताना म्हटलं, आता थोडंच थांबायचं.

१६ डिसेंबर
काही नाही. बर्फ.

२० डिसेंबर
सीडी आली. चांगले कपडे घालून बसले ऐकायला.
तारीख जूनची. जूनमध्ये हे दवाखान्यात होते, घशात नळी होती.
"अर्जदार आपण स्वतःच बोलताय ना?"
"हो, मीच."
नाव, जन्मतारीख, घरचा पत्ता, एकही चूक नाही. कंपनीला लगेच पटलं.
आवाज योशिताकाचा आहे.