जहाजावरचं मुंडकं

आईच्या पायांशी, आइसलंडहून कोल्बेनचा नमस्कार.

आम्ही सुखरूप पोचलो. मेंढ्या चरतायत. आस्नीला आठवा लागलाय, पण तब्येत ठीक आहे. तुझा गुडघा कसा आहे?

एक चूक मात्र झाली. धुक्यातून किनारा एकदम समोर आला आणि जहाजाच्या टोकावरचं लाकडी राक्षसाचं मुंडकं उतरवायचं राहिलं. शेजारीण कडाडली, "मेल्यांनो, जबडा वासून आलात! इथले राखणदार घाबरून पळाले असतील." मी हसलो. पण त्यांच्यासाठी खडकावर ठेवलेली लापशी रोज तशीच राहते.

धाकटा केतिल यायला निघाला की त्याला बजाव.

आणि आई, इथली झाडं कमरेएवढीच. पाळण्यापुरतं लाकूड त्या मुंडक्यातच आहे. चालेल ना गं?

तुझाच,
कोल्बेन