साबणाने धुतलेला वाडगा

मी, ब्यॉन थे-शिक, वय वर्षे पंच्याहत्तर, धंदा चहा भाजणे व विकणे, राहणार ह्वागे, जिल्हा हादोंग, आधी एका वाडग्याची खरी किंमत मांडतो. खालचा सगळा संताप त्यातूनच निघालेला आहे.

१९८१ साली रोख दीड लाख वॉन. त्यापायी बायकोचे ठरलेले शिवणयंत्र रद्द, आणि त्याबद्दल तिचा अठरा दिवसांचा अबोला. पुढे अडतीस वर्षे रोज सकाळी त्यातून एक वाडगा चहा, म्हणजे तेरा हजारांच्या वर. तेवढा चहा झिलईतल्या बारीक भेगांच्या जाळीतून मातीत मुरला, तेव्हा कुठे त्याच्या पांढुरक्या अंगावर पावसाळी ढगांसारखे डाग उमटले. ते ढग माझ्या मुलाने यंदाच्या चांद्र नववर्षाला दहा मिनिटांत धुऊन टाकले.

माझी बुद्धी शाबूत आहे, हात कापत नाही. कोणी दबाव आणलेला नाही. आणायची या खोऱ्यात कोणाची छाती नाही. मजकूर सगळा माझ्या हातचा आहे.

कलम १. घर व मागच्या उतारावरची चहाची झुडपे मुलगा गि-हुन यास. कायदा पोटच्या पोराला अगदी रिकाम्या हाताने घालवू देत नाही, म्हणून. माझी इच्छा म्हणून नव्हे.

कलम २. चहा भाजायची मोठी लोखंडी कढई श्रीमती प्यो ओक-बुन यांस. एकोणतीस वर्षे आम्ही त्या कढईवर समोरासमोर उभे राहून पाने परतली. तिच्या बोटांची कातडी त्या कढईने घेतली आहे; आता कढई तिने घ्यावी. अट एकच: पुलापलीकडच्या चहावाल्या साकला ती एक दिवसही उसनी देऊ नये. तो यंत्रात भाजलेला पाला हातचा म्हणून विकतो, आणि एप्रिलच्या पावसानंतर जून झालेली पाने पावसाआधीची कोवळी, महागडी म्हणून खपवतो. मी मेल्यावर तो रडायला येईल. त्याला चहा देऊ नये.

ओक-बुन हल्ली कुरकुर करते, "भाऊ, किटलीतलं पाणी कधीचं गातंय, ऐकू येत नाही का?" पाणी गात नाही. आजकालच्या किटल्यांना गळाच नसतो. आणि या खोऱ्यातली माणसेही आताशा तोंडातल्या तोंडात बोलतात. वाईट सवय आहे.

कलम ३. माझी खरी मिळकत म्हणजे माझे कान, आणि ते कोणाच्या नावावर करता येत नाहीत. चौथीपर्यंत शिकलो, सरपणाच्या मोळ्या वाहिल्या, दुकान उभे केले ते कानांच्या जोरावर. जिन्ग्योचा कुंभार गू मान-हो याची भट्टी उघडली की पहिला मान माझा. दुकानात विकायला मी एकेक वाडगा तळहातावर घेऊन नखाने टिचकी मारतो. घंटेसारखा वाजला तर ठेव, बद्द वाजला तर आत कुठेतरी तडा आहे, फोड. मान-हो तिथल्या तिथे हातोडी घालतो. चाळीस वर्षांत माझा कान एकदाही चुकलेला नाही.

कलम ४. दुकान, गोदाम आणि सदर वाडगा.

गि-हुन पुसानला असतो. त्या दिवशी जेवणे झाल्यावर तो भांडी घासायला बसला. त्याची आई गेल्यापासूनचा पहिला सण; कोणीतरी घासायलाच हवी होती, हे मान्य. पण वाडग्याला नुसते गरम पाणी लावतात, साबण नाही, मातीने प्यायलेला साबण पुढे चहात उतरतो, हे या घरात मांजरालाही ठाऊक आहे. याने साबण लावला, वर ब्लीचमध्ये बुडवून ठेवला.

"बाबा, बघा! किती काळा पडला होता. लख्ख केला."

मी वाडगा घेतला, टिचकी मारली. ठक्. मेलेला आवाज.

"आपटलास कुठे?"

"कुठेच नाही. आईशप्पथ."

"मग वाजत का नाही?"

"वाजतोय की, बाबा!"

"म्हणजे मी बहिरा?"

त्यावर तो गप्प बसला. त्या गप्प बसण्याचा मला साबणापेक्षा जास्त राग आला. महिन्याने त्याने पार्सल धाडले: कानाचे यंत्र. खोका मी न उघडता खणात टाकला आहे. बापाचा वाडगा तडकवायचा, वर खोटे बोलायचे, आणि वर बापाच्याच कानांना नाव ठेवायचे! सबब दुकान व गोदाम यांतील एक कवडीही गि-हुनला मिळू नये. सर्व ओक-बुन यांस. वाडगा माझ्या मयतीच्या दिवशी मान-होने फोडावा.

कलम ५ (त्याच दिवशी, सहीपूर्वी वाढवलेले). साक्षीसाठी मान-हो आला. कलम ४ वाचले आणि म्हणाला, "दादा, हा मी फोडणार नाही."

"आजवर सांगितलं की फोडत आलास."

"खणातला खोका आणा आधी."

पुष्कळ शिव्या दिल्यावर आणला. त्याने यंत्र माझ्या कानात बसवले, वाडगा माझ्याच तळहातावर ठेवून टिचकी मारली. वाजला. घंटेसारखा. मागे किटलीतले पाणी गात होते.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"पाच-सहा वर्षं झाली."

"मी फोडायला लावलेले... ते धड वाजताना तुला ऐकू येत होते?"

"येत होते."

"मग फोडलेस का, गाढवा?"

"तुम्ही सांगितलंत, दादा. भट्टीवर तुमच्यासमोर मी कसा बोलणार?"

सबब कलम ४ मी माझ्या हाताने रद्द करीत आहे. दुकान व गोदाम गि-हुन यास. वाडगाही त्यालाच, फोडायला नव्हे; रोज सकाळी त्यातून चहा प्यावा आणि गरम पाण्याने धुवावा. ढग पुन्हा यायला अडतीस वर्षे लागतील, त्याच्याकडे तेवढी आहेत. साबणाची माफी मात्र नाही. ती मागूही नये.

मुक्काम ह्वागे, दिनांक ३ मे २०१९.
लिहून देणार: ब्यॉन थे-शिक (सही व शिक्का)

साक्षीदार १: चू यंग-रान, निवृत्त शिक्षिका, ह्वागे (सही)
साक्षीदार २: गू मान-हो, कुंभार, जिन्ग्यो (सही)

लिहून देणाऱ्याच्या हुकमावरून साक्षीदार क्र. २ याने पुढील ओळ आपल्या हाताने लिहिली आहे:

२०१३ पासून दादांच्या सांगण्यावरून फोडलेले वाडगे, एकशे बारा. त्यांपैकी तडकलेले, नऊ.