पाच स्टेडियम आणि एका घराची वाटणी

मी, ज्याला सारी वस्ती 'फर्मेवाले मिस्त्री' म्हणून ओळखते, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, व्यवसाय सुतारकाम, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी बसून, माझ्याच हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी काल तपासून तसा दाखला दिला, तो सोबत टाचला आहे. डोळ्यांबद्दल त्यांनी कुरकुर केली, पण मृत्युपत्राला डोकं पुरतं, असंही त्याच म्हणाल्या. मला कोणी भरीस घातलेलं नाही. उलट 'आत्ताच कशाला लिहिताय' म्हणणारेच जास्त भेटले.

याआधी वकिलांनी एक मसुदा करून दिला होता. त्यात घर, ठेव, हत्यारं असं सगळं नीट मांडून शेवटी 'लाकडी प्रतिकृती व इतर किरकोळ सामान' असं लिहिलं होतं. मी लाकडात बांधलेली मराकाना आणि वेम्बलीसारखी जगातली नावाजलेली स्टेडियम म्हणजे किरकोळ सामान. मी तो मसुदा त्यांच्या टेबलावर परत ठेवला आणि घरी येऊन स्वतः लिहायला बसलो. माझ्या पश्चात अंमलबजावणी मात्र त्याच वकिलांनी करावी. माणूस सरळ आहे, फक्त फुटबॉल बघत नाही.

कलम एक. मिळकत कशी आली ते आधी नोंदवतो. सगळी स्वकष्टार्जित आहे. काँक्रीट ओतण्याआधी त्याला आकार द्यायला लाकडी साचा लागतो, त्याला फर्मा म्हणतात, आणि मी जन्मभर फर्मे बनवले. या शहरातलं मोठं स्टेडियम उभं राहिलं तेव्हा पूर्वेकडच्या सगळ्या पायऱ्यांचे फर्मे माझ्या हाताखालून गेले. काँक्रीट घट्ट झालं की फर्मे उतरवायचे आणि पुढच्या कामावर न्यायचे, असा आमचा धंदा. स्टेडियम काँक्रीटचं असतं असं लोक समजतात. आधी ते लाकडाचं असतं, आणि ते लाकडाचं स्टेडियम मी डोळे भरून पाहिलेलं आहे. उद्घाटनाचा सामना कोण जिंकलं ते मला विचारू नये. मी सगळा वेळ मान मागे वळवून पायऱ्या बघत होतो. शेवटी शेजारचा गृहस्थ म्हणाला, "अहो, मैदान पुढच्या बाजूला आहे."

त्यानंतर जगातली मोठमोठी स्टेडियम मी घरी बांधायला घेतली. लाकूड कामावरच्या तुकड्यांचं. पाचही एकाच प्रमाणात लहान केलेली, म्हणजे कोणतं खरंच मोठं आहे ते शेजारी ठेवलं की कळावं, फुशारकीला जागा नको. यातलं एकही मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. माझी एक पद्धत आहे. प्रत्येक ओळीत एक टाचणी खोचायची, ती माणसाचं डोकं. मग मागच्या ओळीतून मैदानाच्या अलीकडच्या रेषेपर्यंत दोरा ताणायचा. पुढच्या डोक्याला दोरा घासला तर ओळ उखडायची आणि पुन्हा बसवायची. जिथून मैदान दिसत नाही ती जागा मी जागा धरत नाही. सगळ्यांत वरच्या, सगळ्यांत स्वस्त ओळीपासून मी सुरुवात करतो, कारण ती शेवटावर ठेवली की तिथल्या माणसाचा विचार कोणी करत नाही.

माझी बायको, जी गेल्या वर्षी गेली, या पाचांना 'माझ्या सवती' म्हणायची. जेवायला हाक मारताना म्हणायची, "त्यांना विचारा, सोडतात का तुम्हाला." पण पाहुणे आले की चहा ठेवण्याआधी तीच त्यांना आत नेऊन दाखवायची.

कलम दोन, मराकाना. हे माझ्या थोरल्या मुलाला द्यावं. एके काळी तिथे एका सामन्याला दोन लाखांच्या आसपास माणूस जमल्याचं सांगतात, म्हणून त्याच्या ओळी मी दाटीने बसवल्या आहेत. त्या ओळींना रंग थोरल्याने दिला आहे, शाळेत असताना, जीभ बाहेर काढून. एका कोपऱ्यात रंग ओघळला आहे, तो मी कधी पुसला नाही, त्यानेही पुसू नये. बँकेतली ठेव आणि बाजारातला गाळाही पूर्णपणे त्याचाच. माझा त्याच्यावर राग आहे, तो कलम सहामध्ये येईल. माया त्याहून जास्त आहे, ती इथेच लिहून ठेवतो.

कलम तीन, आझ्टेका. हे माझ्या मेहुण्यास. त्याने या स्टेडियमच्या छपरावर गरम चहाचा कप ठेवला, त्याचा गोल डाग अजून आहे. मी बोललो तेव्हा म्हणाला, "भावजी, मला वाटलं टेबल आहे." आता डागासकट त्याने ते आपल्या दिवाणखान्यात ठेवावं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला डाग कसला ते सांगत बसावं.

कलम चार, वेम्बली. शेजारचे काचवाले यांना द्यायचं मनात होतं, कारण वरच्या कमानीची तार त्यांनीच वाकवून दिली. पण साक्षीदाराला काही देऊ नये असं वकील म्हणतात. काचवाल्यांना विचारलं, तर म्हणाले, "मिस्त्री, मला साक्षच द्या. स्टेडियम ठेवायला घरात जागा कुठाय?" म्हणून वेम्बली वस्तीतल्या फुटबॉल क्लबाला. त्यावर जिंकलेले चषक ठेवू नयेत. अर्थात आधी ते जिंकावे लागतील.

कलम पाच, कॅम्प नोउ. युरोपातलं सर्वांत मोठं. हे सूनबाईंना. इतकी वर्षं घरी आल्या की रंगाच्या बारीक ब्रशने त्याची धूळ त्यांनी झटकली, कोणी न सांगता.

कलम सहा. आता पाचवं स्टेडियम आणि घर. ही दोन वेगळी करता येत नाहीत, म्हणून कलम एकच.

उत्तर कोरियात नदीतल्या बेटावर, पाकळ्यांसारख्या छपराचं एक स्टेडियम आहे. ते जगात सर्वांत मोठं मानतात. कोणी दीड लाख माणसं मावतात म्हणतं, कोणी त्याहून बरंच कमी. मी त्या वादात पडलो नाही, पाकळ्या मोजल्या आणि कामाला लागलो. ते मी मधल्या खोलीत बांधलं, आणि पुरं झाल्यावर ते दारातून बाहेर निघेना. आडवं नाही, उभं नाही, तिरकं नाही. हे सर्वांना माहीत आहे. जन्मभर दारं बसवणारा सुतार दाराचं माप घ्यायला विसरला, म्हणून नाक्यापर्यंत हसले लोक. मेहुण्याने तर दर भेटीत विचारलं, "काय भावजी, निघालं का?" धंद्यातल्या माणसांनी पाठीमागे म्हाताऱ्याची नजर गेली म्हटलं. ते मला फार लागलं, पण मी तोंड उघडलं नाही.

आज उघडतो. माप मी घेतलं होतं. पहिला तुकडा कापण्याआधी घेतलं होतं.

माझी लेक सासरहून परत आली, ती एक पेटी आणि नकाशे काढायची फळी घेऊन. का आली ते मी विचारलं नाही. मधल्या खोलीत तिने फळी मांडली आणि घरं बांधणाऱ्यांसाठी नकाशे काढायला लागली. तेव्हा थोरला एकदा माझ्याशी बोलायला आला. म्हणाला, "बाबा, घर दिलं की बिल्डर दोन फ्लॅट देतोय. एक तुमचा, एक माझा."

"आणि ती?"

"ती काय, बघेल तिचं तिचं."

त्याची आई तेव्हा दारात उभी होती. तिच्या देखत बापलेकांची जुंपायला नको होती. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या खोलीत दोरी धरून सर्वांत मोठं स्टेडियम आखलं, लेकीच्या फळीला खिडकीपाशी जागा सोडून. पुढे थोरल्याने घराचा विषय काढला की मी म्हणायचो, "अरे, पण हे बाहेर कसं काढायचं?" तो कपाळावर हात मारून घ्यायचा. लाकूड तोडायला त्याचंही मन होत नव्हतं, हे मी ओळखून होतो. शेवटी पोरगा माझाच आहे.

ते बांधताना दोरा लेकीने धरला. एकदा म्हणाली, "बाबा, तिसऱ्या पाकळीखालच्या ओळींना गोलपोस्ट दिसत नाही." मी म्हटलं, दिसतो. तिने दोरा ताणला. दिसत नव्हता. आम्ही सगळ्या ओळी उखडल्या आणि तिने नव्या उताराने बसवल्या. माझ्यापेक्षा सफाईदार बसवल्या, हे मी शुद्धीत आणि राजीखुशीने लिहून देतो. एवढं मोठं काम मी आयुष्यात केलं नाही, आणि त्याची निम्मी शोभा तिची आहे. माझ्या लेकीचा मला स्टेडियमपेक्षा जास्त अभिमान आहे. तोंडावर कधी बोललो नाही, म्हणून कागदावर.

सबब माझं राहतं घर, जमिनीसह, सर्व हत्यारं आणि मधल्या खोलीतलं स्टेडियम, हे सर्व मी माझ्या लेकीला पूर्ण मालकीहक्काने देत आहे. राहण्याचा, भाड्याने देण्याचा आणि विकण्याचाही अधिकार तिचा एकटीचा. थोरल्याने हरकत घेऊ नये. घेतली तर हे कलम त्याने त्याच्या मुलांसमोर मोठ्याने वाचून दाखवावं, मग खुशाल कोर्टात जावं.

कलम सात, आणि हे फक्त लेकीसाठी. बाळ, कागद आता तुझ्या नावाचा झाला, त्यामुळे लाकडाचं काम संपलं. उद्या तुला दुसऱ्या गावी, दुसऱ्या देशात, कुठेही जावंसं वाटलं, तर बाबांनी इतक्या कष्टाने बांधलं म्हणून अडून बसू नकोस. माझी मोठी करवत घे, पाकळीच्या सांध्यावर धर आणि सरळ काप. हात कचरू देऊ नकोस. ते मी घर अडवायला बांधलं, तुला अडवायला नाही.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही करून पुरं केलं. पूर्वी कधी काही लिहिलं असल्यास ते रद्द समजावं.

स्थळ: राहतं घर, मधली खोली.
तारीख: अकरा मार्च, मंगळवार.

सही: फर्मेवाले मिस्त्री

साक्षीदार एक: काचवाले, शेजारी. मिस्त्रींनी माझ्यासमोर सही केली. माप घेतलं होतं हे मला आज कळलं. मीही हसलो होतो.

साक्षीदार दोन: डॉक्टरीणबाई. लिहून देणारे पूर्ण शुद्धीत आहेत.