सहाखालची रेघ

४ ऑक्टोबर
म्हातारी पुन्हा अडली! म्हातारी म्हणजे आमच्या वर्कशॉपमधलं धातू कापायचं जुनं सीएनसी मिलिंग मशीन. तिचं सरकतं टेबल डाव्या टोकाला गेलं की लाल दिवा, सगळं ठप्प. उजवीकडे आणलं की जणू काही झालंच नाही. नवऱ्याने आठवडाभर विजेच्या पॅनेलमधले स्क्रू आवळले. आज शेवटी बाहेरून इलेक्ट्रिशियन बोलावली. हो, बाई आहे. तारा तपासायचं मीटर गळ्यात अडकवून आली, चहा नको म्हणाली, सरळ पॅनेलमध्ये डोकं घातलं.
नवऱ्याला 'दादा' म्हणते. म्हणू दे.

५ ऑक्टोबर
केस कापून आले, थेट मानेपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा! लेक म्हणाली, आई, ओळखू येत नाहीस. तो समोर बसून जेवला. एक शब्द नाही.

७ ऑक्टोबर
माझं मोजणीचं टेबल वर्कशॉपमधल्या काचेच्या अलीकडे. तयार पार्ट मी मोजते — केसाएवढा फरकही माझ्या हातून सुटत नाही. आज एकच पार्ट दोनदा मोजला. पॅनेलच्या दारात दोन डोकी, एकमेकांना लागतील इतकी जवळ. तो मीटरच्या पिना धरतो, ती आकडे वाचते. हळू आवाजात. आणि हा शहाण्यासारखा मान डोलावतो! घरी मी पंखा बंद कर म्हटलं तरी खेकसतो.
इतकी वर्षं हे काम एकट्याने केलं त्याने. दोन हातांत दोन पिना, मीटर मांडीवर. आताच दुसरं माणूस का लागावं?

८ ऑक्टोबर
विचारलं, उद्याही येणार का ती? म्हणाला, येऊ दे ना, तिची नजर चांगली आहे.
मी ताट उचलून आत गेले.

१० ऑक्टोबर
सापडलं. टेबलासोबत वाकणाऱ्या केबलमधली एक तार आतून तुटलेली. वरचं आवरण धड, म्हणून कुणाला दिसेना. टेबल डावीकडे गेलं, केबल वाकली, की तुटकी टोकं दूर. तिने त्याला केबल हाताने वाकवायला लावली आणि तार अखंड असेतो वाजणाऱ्या मीटरचा आवाज पटकन बंद झाला. हुशार आहे. मान्य. दात-ओठ खात मान्य.
नवी केबल त्याने एकट्याने जोडली, ती गेल्यावर. मला बरं वाटलं.

११ ऑक्टोबर
बरं कसलं! मशीन सुरू केलं आणि टेबल उजव्या टोकाला थांबलंच नाही. जाऊन आदळलं. धावत जाऊन मशीन बंद करायचं लाल बटण मी दाबलं. त्याचा हात बटणापासून वीतभर लांब होता.
पुन्हा तीच आली. टोकाला टेबल थांबवणाऱ्या दोन तारा, सहा नंबर आणि नऊ नंबर, अदलाबदल झालेल्या. तारेवर नंबराची बारीक नळी असते, ती उलटी धरली की सहाचा नऊ. "दादा, हे कुणाचंही होतं," म्हणाली.
कुणाचंही? याचं नाही! उलटा धरला तरी घोळ नको म्हणून उमेदवारीच्या दिवसांपासून हा प्रत्येक सहाखाली रेघ मारतो. नव्या पोरांनाही तेच शिकवतो. जुन्या केबलवरून नवीवर चढवलेली सहाची नळी मी काढून पाहिली. रेघ आहे, काळी, ठसठशीत. मग बघत कुठे होता? मन थाऱ्यावर असेल तर ना.
नळी खिशात ठेवली.

१२ ऑक्टोबर
अबोला. माझा. त्याला तो कळला की नाही, देव जाणे.

१३ ऑक्टोबर
सकाळी वर्कशॉप उघडल्यावर नळी त्याच्या तळहातावर ठेवली. म्हटलं, सांग, हा सहा की नऊ?
तो खिडकीशी गेला. लांब धरली, जवळ आणली, मान तिरकी करून पाहिली. मग अंगठ्याने चाचपली.
"रेघ आहे का गं यावर?"
मी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं.
समोर मधोमध धुकं असतं, म्हणाला. कितीतरी महिने. तिला पहिल्याच दिवशी कळलं, म्हणून ती वाचून दाखवायची.
"आणि मला का नाही सांगितलंस?"
"तिच्यापुढे लाज नाही वाटली. तुझ्यापुढे वाटते."
उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. मी केस कापलेत, एवढंच सांगितलं. त्याने हात पुढे केला आणि मानेपर्यंत चाचपून पाहिले.