अंगण खरंच वाकडं होतं

प्रिय छकुले,

सत्तेचाळिसाव्या वर्षी कुणी छकुली म्हटलेलं तुला आवडत नाही, ठाऊक आहे. पण एवढ्या वर्षांची सवय सुटत नाही, आणि आज तर तुला लाडीगोडी लावायचीच आहे, तेव्हा चालवून घे. पत्र पाहून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोन केला असता, पण फोनवर आपण दोघी काय बोलतो? तुझ्याकडे गारठा आहे का, माझ्याकडे ऊन आहे, गुडघा कसा आहे, बरा आहे, ठेवते. पाच वर्षं आपण हवामान खात्यात नोकरीला असल्यासारख्या बोलतोय. मला खूप काही सांगायचंय, शेवटी एक मागणंही आहे, आणि ते ऐकायच्या आधीच तू फोन ठेवशील अशी भीती वाटते. कागद तसा मधेच ठेवता येत नाही. निदान तुला तरी नाही. तू औषधाच्या बाटलीवरचा मजकूरसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचतेस.

तर पहिली बातमी म्हणजे गाडी बरी झाली. आपली जुनी, टपावर माझ्या ड्रायव्हिंग स्कूलची पाटी मिरवणारी. तू म्हणशील, मला काय त्याचं. अगं, सगळ्यात जास्त तुलाच आहे त्याचं. बावीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवतेय. हात थरथरणारे आजोबा पास केले, डावं-उजवं न कळणारा तो दातांचा डॉक्टर पास केला. तीनदा परीक्षेला बसून तिन्हीदा नापास झालेली आणि मग स्टिअरिंगला हात न लावलेली माझी विद्यार्थिनी एकच, ती म्हणजे माझी सख्खी बहीण. हा विषय आपण पाच वर्षं काढलेला नाही. आज काढते, आणि हात जोडून काढते.

तुला आठवतच असेल, त्या गाडीची एक खोड होती. सकाळी गार असताना अगदी गुणी बाळ. दुपारी चांगली तापली की सिग्नलला थरथरायची, खोकायची, आणि मान टाकायची. पाय उचलल्यावर इंजिननं आपलं आपण संथ चालत राहायचं असतं, त्याला आयडलिंग म्हणतात, हे मी हजारो वेळा फळ्यावर लिहिलंय. माझ्याच गाडीला ते जमत नव्हतं, आणि मी म्हणायचे, वय झालंय बिचारीचं. चार मेकॅनिक झाले. प्रत्येकानं हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरचे दोन स्क्रू आपापल्या मताप्रमाणे पिळले, आणि प्रत्येकानं आधीच्याला नावं ठेवली. यंदा ते कोपऱ्यावरचं गॅरेज नव्या माणसानं घेतलं. नवा म्हणजे गॅरेजला नवा, माणूस चांगला सत्तावन्न वर्षांचा. लोक त्यांना सावकाश म्हणतात. खरं नाव पाटीवर आहे, पण ते कुणी घेत नाही, कारण गिऱ्हाईक काहीही बोललं तरी त्यांचा पहिला शब्द तोच असतो. मी गाडी नेली आणि सुरू झाले, की कार्बोरेटर उघडा, जेट साफ करा, स्क्रू अर्धा फेरा सैल करा, मला संध्याकाळी गाडी हवी. ते म्हणाले, "सावकाश. आधी सगळ्यांची मतं काढून टाकू, मग गाडीचं मत विचारू." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बावीस वर्षं मला कुणी सावकाश म्हटलेलं नाही, मीच लोकांना म्हणते.

गाडी त्यांच्याकडे चार दिवस होती. मी रोज जाऊन बसायचे, देखरेखीला. पहिल्या दिवशी त्यांनी दोन्ही स्क्रू मूळ जागी आणले. मग ती जेट काढली, सुईच्या नाकाएवढं छिद्र असलेली पितळेची, आणि उजेडाकडे धरून मलाही बघायला लावली. तिच्यात कचरा होता, तो फुंकून काढला. प्लग पुसले, हवेची जाळी झटकली. इंजिन गार असताना एकदम झकास, आणि तापलं की पुन्हा तेच रडगाणं. दुसऱ्या दिवशी मी गेले तर लोखंडी स्टुलावर उशी ठेवलेली होती. तिसऱ्या दिवशी चहा दोन कप आला. माझ्यात साखर नव्हती. मी सांगितलं नव्हतं, पण आदल्या दिवशी मी त्यांचा चहा नाकारताना काय पुटपुटले ते त्यांनी ऐकलं असणार. अशी माणसं असतात गं अजून. आपला गैरसमज असतो की संपली.

चौथ्या दिवशी गंमत झाली. त्यांनी मला गाडीत बसवलं, इंजिन चांगलं तापवलं, बॉनेट उघडून वाकले आणि म्हणाले, "आता पाय काढा." मी म्हटलं, "काढलाय." ते म्हणाले, "नाही काढला." मी म्हटलं, "अहो, बावीस वर्षं शिकवतेय मी!" ते म्हणाले, "असेल, पण नाही काढला." असं तीनदा. शेवटी ते माझ्या दाराशी आले, दार उघडलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "दोन्ही पाय गाडीच्या बाहेर काढून जमिनीवर ठेवा." मी रागारागानं पाय बाहेर टेकवले. एक, दोन, तीन... चारला इंजिन बंद. छकुले, त्या क्षणी मला माझ्या उजव्या पायाचा अंगठा कळला. इतकी वर्षं तो माझ्या नकळत ॲक्सिलरेटरवर टेकलेला होता. गाडी मरायला लागली की अंगठा जरासा दाबायचा आणि तिला उचलून धरायचा. मी कधी तो दाबला नाही आणि कधी तो उचललाही नाही. तो आपला आपला काम करत होता, आणि मला वाटत होतं गाडी माझं ऐकते.

पुढचं काम त्यांनी कपड्यांना इस्त्री करताना पाणी फवारायच्या बाटलीनं केलं. इंजिन जेमतेम तगेल एवढी रेस ठेवून ते एकेका सांध्यावर फवारा मारत गेले. कार्बोरेटरच्या बुडाशी मारला, काही नाही. बाजूला मारला, काही नाही. मग इंजिनाकडून ब्रेककडे एक बोटभर जाडीची रबरी नळी जाते, तिच्या खालच्या अंगाला पाणी बसलं, आणि ते खोकणारं इंजिन दोन क्षण मांजरासारखं गुरगुरलं. पाणी सुकलं की पुन्हा खोकला. नळीला खालून चीर होती. तिच्यातून इंजिन जास्तीची हवा ओढायचं आणि पेट्रोलचं प्रमाण बिघडायचं. सकाळी चोक ओढलेला असायचा, पेट्रोल जास्त मिळायचं, म्हणून सगळं झाकलं जायचं. दुपारी रबर तापून मऊ पडलं की चीर आ वासायची. चार मेकॅनिक वरचे स्क्रू पिळत बसले, काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आता जरा थांब आणि विचार कर. तुझा शिकायचा तास कधी असायचा? हॉस्पिटलातली ड्यूटी संपल्यावर, चारला, गाडी सहा तास पळून तापल्यावर. आणि तुझ्या तिन्ही परीक्षा दुपारीच होत्या. बाकीचे पास कसे झाले, तर ते माझं बघून शिकले. मीच सांगायचे, पाय पूर्ण उचलू नका, थोडी रेस राहू द्या. तू एकटी पुस्तक वाचून आली होतीस. पुस्तकात लिहिलंय, थांबताना ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढावा. तू काढलास. इतक्या जणांत एकटीनं बरोबर केलंस, म्हणून एकटी नापास झालीस.

परवा मी आणि सावकाश मुद्दाम चौकात जाऊन उभे राहिलो. सिग्नल लाल झाला आणि सुरू झालं, घूं घूं, घूं घूं. बेकरीवाल्याची व्हॅन, तो माझा विद्यार्थी. दातांचा डॉक्टर, नवी कोरी गाडी, तरी घूं घूं. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई, तोंडावर शांती आणि पायात वादळ. अर्धं गाव मी बिघडवून ठेवलंय. त्या चौकातल्या दुकानदारांना वाटतं, इथले लोक फार घाईचे. सावकाश इतके हसले की त्यांना फुटपाथच्या कडेला बसावं लागलं. मीही बसले. दोघं डोळे पुसत होतो. माझे मात्र नंतरही पुसून संपेनात, कारण मला त्या दुपारचा, परीक्षेच्या मैदानावरचा बाक आठवला.

तिसऱ्या परीक्षेनंतर तू त्या बाकावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणालीस, "ताई, माझं चुकतंय असं मला वाटत नाही. गाडीतच काहीतरी आहे." आणि मी, आठ उमेदवार ऐकत असताना, मोठ्यांदा म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं. तुझ्या पायाला अक्कल नाही, सोड नाद." सगळे हसले. तपासायला आलेले साहेबही हसले. तू किल्ली माझ्या हातात दिलीस आणि घरापर्यंत चार किलोमीटर चालत गेलीस, माझ्या गाडीत बसली नाहीस. पुढच्या महिन्यात घरोघरी जाऊन रुग्ण बघणाऱ्या नर्सची जागा निघाली. तुला ती किती हवी होती ते मला माहीत होतं. तिथं गाडी चालवता येणं अट होती. ती जागा तुझ्या हाताखालच्या मुलीला मिळाली, मला कळलं, आणि मी तुला एक शब्द बोलले नाही. छकुले, माझं चुकलं. अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते वाकडं अंगण माझं होतं. पाकीट जाड लागलं असेल, त्यात त्या नळीचा तुकडा आहे. मधोमध वाकवून बघ, चीर दिसेल. नव्या नळीवर गाडी आता अशी चालते की बंद आहे की सुरू ते कळायला हात लावून बघावा लागतो. मी पाय बाहेर ठेवून पंधरा मिनिटं मोजली. माझा अंगठा अजून वळवळतो, पण सावकाश म्हणतात, जाईल सवय.

हो, मला कळतंय, तू मघापासून गालात हसतेयस. एका मेकॅनिकचं नाव चार पानांत किती वेळा आलं ते तू मोजलंही असशील. आता मागणं सांगते. गेल्या रविवारी त्यांनी मला विचारलं. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगा परगावी नोकरीला, तो फोनवर म्हणाला, बाबा, तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा घाई करताय, नक्की करा. मी म्हटलं, विचार करून सांगते. ते म्हणाले, "सावकाश." मी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला जाऊन हो सांगून आले, तोवर त्यांचं शटरही पूर्ण वर गेलं नव्हतं. चोपन्नाव्या वर्षी गुडघ्याला बाशिंग, आणि तोही दुखरा गुडघा! हस बाई, मनसोक्त हस, मीही दिवसभर हसतेय. पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला अकरा वाजता नोंदणी कार्यालयात सह्या करायच्या आहेत. साक्षीदार तू आहेसच, ते विचारत नाही. मला विचारायचंय ते वेगळं. तिथवर आम्हाला तू घेऊन जाशील? गाडी तू चालवायचीस. शिकाऊ परवान्याचा अर्ज भरून सोबत ठेवलाय, फक्त तुझी सही राहिलीय. शिकाऊ माणसाच्या शेजारी परवानेवाला लागतो, म्हणजे नवरी तुझ्या शेजारी पुढे, आणि नवरदेव मागे फुलं सांभाळत. रस्त्यात तू कितीही वेळा थांब, मी एक अक्षर बोलणार नाही. बोलले तरी आता उपयोग नाही. ड्रायव्हिंग स्कूलसाठी दुसरी गाडी घेतलीय, आणि शिकवताना माझ्या बाजूला जो जादा ब्रेक आणि क्लच असतो, तो मी काल या गाडीतून काढायला लावला. सावकाशांनी दोनदा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. आता या गाडीत ब्रेक एकच आहे, तुझ्या पायाखाली.

उत्तराची वाट बघत, तुझीच, पहिल्यांदाच नुसती शेजारी बसणारी,
ताई