न मागितलेलं पाणी

प्रिय खटपटे,

आईच्या बोलत्या पाटीसाठी तू केलेल्या नव्या काचेचं कौतुक फोनवर राहूनच जातं, म्हणून आधी तेच करतो. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. शिकलो तेही उघडून, बिघडवून आणि शॉक खाऊन. पण काचेखाली डोळ्यांना न दिसणारे इलेक्ट्रोड पसरायचे आणि बोट टेकलं की त्यांच्यातला विजेचा भार किंचित बदलतो, त्यावरून जागा ओळखायची, हे मला अजून जादूच वाटतं. पहिली काच आईला दाद देत नव्हती. अर्धांगाचा झटका आल्यापासून तिची वाचा गेली, आणि बोटं कोरडी, थंडगार. टेकतात तीसुद्धा वाळलं पान पडावं तशी. घोडं तिथेच पेंड खात होतं. तू ते पतंगाच्या आकाराचे इलेक्ट्रोड मोठे केलेस, वरची काच पातळ केलीस, आणि तिचा हलका स्पर्शही पाटीला कळू लागला. पहिल्यांदा तिने खिडकीचं चित्र दाबलं आणि पाटी तुझ्या आवाजात ‘खिडकी उघडा’ म्हणाली, तेव्हा शेजारच्या मावशींनी टाळ्या वाजवल्या. आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू म्हणत होती, बघा, तुमच्या त्या खरखरणाऱ्या डबड्यांपेक्षा माझ्या लेकीचं काम बघा!

मग ते पाण्याचं सुरू झालं. पाटी ‘पाणी’ म्हणायची, मी पेला घेऊन धावायचो, आणि आई ओठ घट्ट मिटून घ्यायची. एकदा मी वैतागून म्हणालोही, अगं बाई, प्यायचं नाही तर मागतेस कशाला? शेवटी तुला कळवलं की काच खोटं बोलते. तू लगेच पदर खोचलास. तेव्हापासून रोज तुझा फोन येतो आणि रोज तेच: आई, बोट जरा डावीकडे ठेव ना. बाबा, कॅमेरा खाली धरा, बोट दिसत नाहीये. झालं, चला, ठेवते.

परवा तू फोन ठेवलास आणि मी उठलो नाही, तिच्यासमोर बसून राहिलो. पाटी तिच्या मांडीवर तिरकी असते आणि पाण्याचं चित्र सगळ्यात खाली, तिच्या बाजूला. तिचे दोन्ही हात पांघरुणात होते. तिच्या डोळ्यातून निघालेला एक थेंब हनुवटीवरून ओघळला, नेमका त्या चित्रावर पडला, आणि पाटी तुझ्या आवाजात म्हणाली, ‘पाणी’.

आता तू म्हणशील, बोट कुठलं आणि थेंब कुठला हे ओळखणारी रचना करते. करशीलही, तुझा हातखंडा आहे तो. पण बाळा, नको करूस. तुला बोल लावत नाही मी. काही दुखलं की आपण दोघं स्क्रूड्रायव्हर शोधतो, ही आपली जातकुळीच. तिच्या वाकड्या झालेल्या तोंडाकडे तुला बघवत नाही, म्हणून तू बोटाकडे बघतेस. मी तरी काय वेगळं करत होतो? पेले भरत होतो.

हे फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच तोडून पुढच्या काचेबद्दल बोलायला लागली असतीस, म्हणून कागद घेतला. डॉक्टरीणबाई काल मला दाराबाहेर घेऊन गेल्या. म्हणाल्या, काका, मुलीला बोलवायचं असेल तर आता बोलवा, पुढचं कुणी सांगू नये. तेव्हा हातातलं काम आहे तिथे ठेव आणि ये. येऊन तिच्या तोंडाकडे बघ, रडू आलं तर रड, तिला चालेल. तू येणार असं मी तिला अजून सांगितलेलं नाही. तू निघालीस की कळव, मग सांगतो. आधीच सांगून तिला दाराकडे डोळे लावून ठेवायची माझी हिंमत नाही.

तुझाच,
बाबा