ओळख न पटल्याबद्दल

दोंडाईचा, बुधवार

आदरणीय पंडित नाना यांना हाशम गादीवाल्याचा सलाम आणि नमस्कार.

कानाच्या ऑपरेशननंतर आता बरं ऐकू येतं का? साक्रीची हवा मानवते का? आम्ही सगळे खुशाल. हुस्नबानोचा गुडघा दुखतो, पण तो तुमच्या बदलीच्या आधीपासून दुखतो, त्यामुळे काळजी नको.

नौशीन दाताची डॉक्टर झाली, दवाखान्याची जागाही तयार आहे. पण तिचं एकच म्हणणं, "अब्बा, ज्यांनी मला गणित शिकवलं त्यांच्याच हातानं फीत कापायची." तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून मी दुकानाच्या ईमेलवरून आमंत्रण पाठवलं. (हा ईमेल आमच्या नेटवाल्यानं जोडणीबरोबर दिलेला, दुकानाच्या नावाचा.) दोन मिनिटांत इंग्रजीत उत्तर आलं. मोबाईलकडून मराठी करून घेतलं, तर त्यात लिहिलेलं, "पाठवणाऱ्याची ओळख पटली नाही. संदेश नाकारला आहे."

नाना, मला वाटलं हे तुम्हीच लिहिलंय. आठ वर्षं तुम्ही माझ्या ओट्यावर चहा घेतला आणि ओळख पटली नाही? रागावण्यासारखं काय झालं ते मी आठवून पाहिलं. निरोपाच्या वेळी दिलेली उशी जरा कडक होती, हे मान्य. मग माफी मागणारा मेल पाठवला. तोच जबाब. तिसऱ्या मेलमध्ये नवी उशी देऊ केली, तरी अक्षराचा फरक नाही. त्या दिवशी मी जेवलो नाही. (हुस्नबानोला पोट बिघडलंय असं सांगितलं.)

परवा नरडाण्याच्या एका कारखान्याला कापडासाठी मेल केला, तर तिथूनही ओळख पटली नाही. त्या लोकांना मी कधी उशी दिलेली नाही. तेव्हा नेटवाल्याच्या ऑफिसात गेलो. तिथल्या हितेंद्रनं पाच मिनिटं स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, हाई तर आमनी चूक शे."

त्यानं समजावलं ते असं. त्यांच्या नावानं कोणत्या मशीननं मेल पाठवायचे, याची एक यादी असते. समोरचं मशीन ती यादी पाहूनच मेल आत घेतं. यांनी महिन्यापूर्वी मशीन बदललं आणि यादी तशीच ठेवली, म्हणून मी सगळीकडे तोतया ठरलो. त्यानं यादीत एक ओळ वाढवली, काम झालं. म्हणजे तुम्ही मला नाकारलं नव्हतं, तुमच्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं. बाहेर येऊन मी पायरीवर थोडा वेळ बसून राहिलो. फार बरं वाटलं.

वहिनींना सलाम.

आपला,
हाशम

ता. क. रागाच्या भरात एक चौथा मेलही लिहिला होता. तो का कोण जाणे, आधीच्या तिघांसारखा परत न येता नेटवाल्याकडेच अडकून पडलेला, यादी सुधारल्याबरोबर सुटला आणि तुम्हाला पोचला. तुम्ही टॅब फक्त रविवारी उघडता, म्हणून हे पत्र माणसाबरोबर पाठवतोय. 'शेवटचा सलाम' नावाचा मेल दिसेल, तो न वाचता पुसून टाका.

आणखी एक. नौशीनला यातलं काहीच माहीत नाही. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, तेव्हा मी सांगून बसलो की नानांचं उत्तर आलं, आनंदानं येतो म्हणाले. पत्रिका सोबत आहे. तुमचं नाव वरच छापलंय, गावभर वाटून झालीय. सोमवारी सकाळी दहा वाजता. यावंच लागेल.